शीतलचे बुडबुडे

धुळ्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शीतल पावराचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "ती ना? बुडबुडेवाली? जिच्या गणितानं माणूस गेला?" असं कोणी म्हटलं की मी भांडते. स्टाफरूममध्ये भांडलेय, बसस्टँडवर भांडलेय, एकदा तर प्राचार्यांच्या दारात भांडलेय. मी मेघा, पारोळ्याची. माझं तोंड फटकळ आहे हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक आहे, त्यामुळे माझं कोणी मनावर घेत नाही. खरं काय झालं ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून नुसतीच तणतणायची. आता सांगते, कारण शीतलच्या वडिलांनीच मला बजावलंय, "सांग बठ्ठासले." म्हणजे सगळ्यांना सांग.

शीतल चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. वडील भुराआबा जळगावला एका सरकीच्या तेलमिलमध्ये हमाल म्हणून आले आणि मशीनला तेल घालायच्या कामावर लागले. मिलच्या मागच्या खोल्यांमध्ये ती वाढली. आईशी, सोनीबाईशी, पावरी बोलीत बोलायची, मिलमध्ये अहिराणीत आणि शाळेत बाईंच्या मराठीत. खेळायला बाहुली वगैरे काही नव्हतं. आबांनी एकदा भंगारात निघालेलं बेअरिंगचं बुश आणून दिलं होतं. फिरता शाफ्ट ज्या धातूच्या कड्यात बसतो ते कडं म्हणजे बुश. त्याच्या आतल्या अंगाला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडलेले. पोर त्या खड्ड्यांवरून बोट फिरवत विचारायची, "बाबा, याला कोणी खाल्लं?" आबा म्हणायचे, "तेलनी." तेल लोखंडाला कसं खाईल, हा प्रश्न तिनं सोडलाच नाही. पार पीएचडीपर्यंत घेऊन आली.

उत्तर मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते, तिच्या समीकरणांत नको. शाफ्ट बुशमध्ये फिरतो तेव्हा धातू धातूला लागत नाही, मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. सगळा भार तो पापुद्रा उचलतो. एका बाजूला जागा अरुंद होत जाते तिथं तेल दाबलं जातं, दुसऱ्या बाजूला जागा सैल होते तिथं दाब एकदम उतरतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की काय होतं? बुडबुडे उसळतात. तसेच बुडबुडे त्या सैल जागी तेलात उठतात. ते वाहत वाहत दाबाच्या जागी आले की फुटतात, आणि फुटताना धातूचा कण उपटून नेतात. बुडबुडा कधी उठेल, केवढा होईल, कुठे फुटेल आणि बुश किती दिवस टिकेल, हे कॉम्प्युटरवर मांडायचं, एवढंच तिचं काम. एवढंच म्हणते मी, पण त्यात तिची उमेदीची वर्षं गेली. आम्ही एकाच लॅबमध्ये बसायचो. मी शेवभाजीचा डबा उघडून हाका मारायचे आणि ही बाई स्क्रीनवरचे निळे-तांबडे ठिपके बघत बसलेली. "अगं, ते बुडबुडे काही तुला जेवू घालणार नाहीत," मी म्हणायचे. ती म्हणायची, "बाबांच्या मिलचा शाफ्ट आहे हा, मेघा." खरंच होतं ते. सगळी मोजमापं तिनं जळगावच्या त्याच मिलमधून आणली होती.

ती मिल जुन्या चालीची. एक लांबच लांब शाफ्ट, त्यावर चामडी पट्टे, आणि पट्ट्यांवर तेल गाळणारी मशीनं. म्हातारे चंपालालशेठ गेल्यावर नातू अनुज गादीवर बसला. मुलगा वाईट नाही. हंगाम तोंडावर आला तेव्हा त्यानं शीतलला विचारलं, "ताई, मुख्य बेअरिंगचं बुश बदलू की हा हंगाम निघेल? बदलायचं तर मिल बंद ठेवावी लागेल, गाड्या दारात उभ्या राहतील." शीतलनं, जिथून पंप बेअरिंगला तेल पुरवतो त्या टाकीतल्या तेलाचा नमुना घेतला, बुशचे खड्डे मोजले, कॉम्प्युटर चालवला. उत्तर आलं की होळीपर्यंत बुशला काही होत नाही. तिनं तसं लिहून दिलं. आमच्या गाईड सरांनी त्यावर मोठ्या दिमाखात सही केली. कॉलेजचं संशोधन कारखान्याच्या कामी आलं म्हणून वर्तमानपत्रात फोटोसुद्धा छापून आणला. फोटोत सर पुढे आणि शीतल मागे, अर्धी कापलेली.

भुराआबांना वाचता येत नाही. त्यांनी तो कागद खिशात घालून अख्ख्या मिलमध्ये मिरवला. पट्ट्यांच्या कामावर सुपडूभाऊ होते, आबांचे जिवाभावाचे. दोघांनी एकाच ताटात भाकरी खाल्लेली. शीतलला खांद्यावर बसवून जत्रेत नेणारे सुपडूभाऊच. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. ते म्हणायचे, "भुरा, पोर तुनी एकलानी नही, मनी बी शे." आता या शाफ्टची चाल आपल्या पोरीच्या शब्दावर आहे, म्हणून दोघंही नुसते तरंगत होते.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. त्या मिलमध्ये एक जास्तीची रीत होती. हंगामाचं पहिलं कच्चं तेल मशीनला चढवायचं. दर वर्षी मशीनला तेल घालणारा बोटभर तेल घेऊन बेअरिंगच्या कपाळाला लावायचा, वरून हळदकुंकू, की झालं. शीतल लहानपणापासून ते बघत आली होती. त्यात वावगं काहीच नव्हतं. आम्ही त्या दिवशी धुळ्यात परीक्षेच्या ड्युटीवर होतो. संध्याकाळी आबांचा फोन आला, पूजा झकास झाली म्हणाले. शीतलनं पेढे मागवले आणि आम्ही खाल्ले.

मार्गशीर्षात शाफ्ट अडकला. बुश वितळलं, शाफ्ट खाली बसला, पट्टा उसळून निघाला आणि सुपडूभाऊंच्या छातीवर आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं सगळं.

काय सांगू तुम्हाला, ती बातमी आली तेव्हा शीतल लॅबमध्येच होती. ओरडली नाही, रडली नाही. खुर्चीत बसून राहिली आणि म्हणाली, "होळीपर्यंत म्हटलं होतं मी." मी तिला हाताला धरून बसमध्ये बसवलं. जळगावला उतरेपर्यंत ती तेच म्हणत होती. माझी पाचावर धारण बसली होती, ही पोरगी आता जिवाचं काही बरंवाईट करते की काय.

दहाव्याला आम्ही पुन्हा गेलो. सगळं आटोपल्यावर भुराआबा मिलमागच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला कळावं म्हणून अहिराणीत बोलले. "दरसाल बोटभर तेल लावतस. औंदा मी लोटाभर वती दिन्हं टाकीमा. म्हनं, देवा, मनी पोरनं नाव शे, सांभाळी ले. तरी बी देवनी ऐकं नही, बेटा."

मी मान हलवली. काहीतरी सांत्वनाचं बोलणार होते, तेवढ्यात शीतलचा चेहरा दिसला. असा चेहरा मी कुणाचा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

"कुठे ओतलं, बाबा?" तिनं विचारलं.

"टाकीमा. बेअरिंगनी तेलनी टाकीमा."

"बरं," ती म्हणाली. पाणी आणते म्हणून उठली आणि सरळ मिलमध्ये गेली. टाकीच्या तळाचं उरलेलं तेल तिनं बाटलीत भरून घेतलं.

लॅबमध्ये तिनं दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत हंगामाआधी घेतलेलं मशीनचं चोख तेल, दुसरीत हे. दोन्ही हलवल्या. चोख तेलात बुडबुडे आले, वर चढले, विरून गेले. दुसरीत फेस झाला. आम्ही चहा करून प्यायलो तरी फेस तसाच. कच्च्या सरकीच्या तेलात चिकट द्रव्यं असतात, ती बुडबुड्याला फुटूच देत नाहीत. दिवसामागून दिवस गरम होत होत टाकीतलं तेल असं झालं होतं की पंप तेलाऐवजी फेस ओढत होता. फेस भार उचलत नाही. तिच्या मांडणीत सगळे बुडबुडे होते, हा नव्हता. मशीनच्या पोटात कोणी नैवेद्य ओतेल, हे जगातल्या कुठल्या समीकरणात लिहिलंय हो?

"म्हणजे तू चुकली नाहीस!" मी जवळजवळ नाचलेच. "शीतल, तुझं गणित बरोबर होतं!"

"हळू बोल," ती म्हणाली. बाटली कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. "मेघा, हे बाबांना कळलं तर ते जगतील का? त्यांच्या हातानं सुपडूकाका गेले, हे त्यांना मी सांगू?"

मी खूप बोलले. नको नको ते बोलले. ती एकच म्हणाली, "तुला माझी शपथ."

चौकशीला मिलमध्ये सरकारी साहेब आले, अनुज होता, आमचे सर होते. सरांनी तर पहिल्या पाच मिनिटांतच कानांवर हात ठेवले. विद्यार्थिनीनं परस्पर लिहून दिलं, मी नुसती सही केली म्हणे. हात्तिच्या! फोटोत पुढे उभं राहताना नव्हतं आठवलं? शीतलला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "माझ्या मांडणीत चूक होती." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथं संन्यासी स्वतःच दोरापाशी जाऊन उभा राहिला. तिचा प्रबंध परत आला. कॉलेजनं तिला तासांना बोलवायचं बंद केलं. ती चोपड्याकडे एका आश्रमशाळेत शिकवायला लागली.

आणि भुराआबा? त्यांनी ते खरं मानलं. का नाही मानणार? पोरीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. त्यांनी तिला एक शब्दानं दुखावलं नाही, पण तिच्या पापाचं प्रायश्चित्त आपण घ्यायचं असं मनाशी ठरवून टाकलं. बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन सुपडूभाऊंच्या घरी जायचे. ओट्यावर बसायचे. म्हणायचे, "वहिनी, पोर चुकनी. तिले माफ करा." ती माऊली पाणी आणून द्यायची आणि म्हणायची, "भाऊ, पोर शे ती. तिना काय दोष? तिले सांगा, जीवले लाई लेवू नको." दर बाजाराला हेच. शीतलला हे आईकडून कळायचं आणि ती ते मला फोनवर सांगायची, सपाट आवाजात. माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय? पण शपथ होती.

पुढच्या वर्षी नवरात्रात तिचा फोन आला. या वेळी आवाज सपाट नव्हता. "मेघा, उद्या जळगावला ये. बाबा आईला म्हणालेत, औंदा लोटा पुरायचा नाही. पोरीच्या हातून एवढं मोठं घडलं, औंदा डबाभर चढवतो."

मला पहिल्यांदा नीट समजलंच नाही. मग समजलं. अनुजनं नवीन बुश बसवलं होतं, टाकीत नवं तेल भरलं होतं. पट्ट्यांवर नवा माणूस लागला होता. त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

"आता तरी सांगशील ना, बाई?" मी म्हटलं.

"सांगावंच लागेल," ती म्हणाली. "एका माणसाचं मरण मी बाबांसाठी गिळलं. दुसऱ्याचं कसं गिळू?"

खंडेनवमीला आम्ही मिलच्या फाटकात पोचलो तेव्हा आंब्याची पानं बांधून झाली होती. अनुज नारळ घेऊन उभा होता. भुराआबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टाकीपाशी उभे. पायाशी तेलाचा डबा, झाकण उघडलेलं. पोरगी आलेली बघून त्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, देवा, आत्ताच्या आत्ता वीज जाऊ दे, पाऊस येऊ दे, काहीही होऊ दे, पण हे नको.

शीतल त्यांना ढेपेच्या गोदामाकडे घेऊन गेली. मी मागे मागे. तिनं पिशवीतून काचेच्या दोन बाटल्या काढल्या. दोन्हींत मशीनचं नवं तेल होतं. एकीत तिनं आबांच्या डब्यातलं थोडं तेल घातलं, दुसरीत काही नाही. बुचं लावली. साधी बाटली स्वतः हलवली, दुसरी आबांच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही हलवा."

त्यांनी हलवली. दोन्ही ढेपेच्या पोत्यावर ठेवल्या. पोरीच्या बाटलीतले बुडबुडे बघता बघता विरले. बापाच्या बाटलीत फेस बुचापर्यंत येऊन राहिला. आबा मशीनवर आयुष्य काढलेला माणूस. फेस शाफ्टला धरत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. ते बघत राहिले. मग त्यांनी पावरीत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. शीतल म्हणाली, "हो, बाबा." त्यांनी आणखी काही विचारलं. ती पुन्हा म्हणाली, "हो." मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तो हात तेलाचा आहे हे दिसल्यावर मागे घेतला, सदऱ्याला पुसत राहिले. पुसत राहिले, पुसत राहिले. मी तोंड फिरवून रडले.

बसमध्ये तिनं मला सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं, गेल्या साली हेच झालं का? आणि मग, तुला तेव्हाच कळलं होतं का?

आबा परत टाकीपाशी गेले. डब्याला झाकण लावलं. अनुजला आणि सगळ्या कामगारांना मोठ्यानं म्हणाले, "औंदा मशीनले तेल नही. परत कधीच नही. गया साल मीच वतं व्हतं. सुपडूले मी मारं, मनी पोरनी नही." नारळ अनुजच्या हातातच राहिला. आबा पायात चपला घालून फाटकाबाहेर पडले. कुठे निघाले ते आम्हा दोघींना न विचारता कळलं.

सुपडूभाऊंचं घर मिलच्या मागच्या गल्लीत आहे. वहिनी ओटा सारवत होत्या. नेहमीप्रमाणे "या भाऊ" म्हणाल्या, हात धुतले, पाण्याचा ग्लास आणून पुढे ठेवला. आबा बसले नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही चोरून ठेवलं नाही, पोरीनं वर्षभर आपल्यासाठी तोंड मिटून घेतलं हेही सांगितलं. आम्ही गल्लीत उभ्या होतो.

मला वाटलं, ती बाई ओरडेल. किंवा म्हणेल, जाऊ द्या भाऊ, होणारं होऊन गेलं. गेलं वर्षभर तिनं शीतलला माफ केलं होतं, तसं यांनाही करेल. ती सारवलेल्या ओट्याकडे बघत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "तो लोटा भरीसन तुमना हातमा कोनी दिन्हा व्हता?"

आबांनी मान खाली घातली.

"त्यास्नीच ना? घर येईसन माले सांगं त्यास्नी. म्हने, आज आपली शीतलना करता पुरा लोटा चढावा. इतला खुश व्हतात." म्हणजे लोटा भरून देणारे सुपडूभाऊच होते. तिनं पदरानं डोळे पुसले. मग न प्यायलेला ग्लास उचलला. "आते तुम्ही येत जावू नका, भाऊ. तुमले दखीसन माले तो लोटा दखाई. पोरले धाडत जा."

ती आत गेली. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आली नाही.

कॉलेजात मी हे सगळं सांगून बघितलं. सर म्हणाले, फाइल बंद झाली आहे. असू दे. शीतल आता दर बाजाराला चोपड्याहून येते. भाजीची पिशवी घेऊन सुपडूभाऊंच्या घरी जाते, वहिनींशी बोलत बसते, कधी जेवूनही येते. भुराआबा तिच्यासोबत गल्लीच्या तोंडापर्यंत चालत येतात आणि ती परत येईपर्यंत तिथंच उभे असतात.